समुद्राचं आपल्याले काय करा लागते?

बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला यांपैकी कोणत्याही स्टेशनवर गाडीची वाट पाहताना प्लॅटफॉर्मच्या टोकाचा पिवळा बोर्ड तुम्ही वाचला असेलच. वर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. गाडी लेट असली (आणि ती असतेच!) की हा बोर्ड दहादा वाचून होतो. पण एक प्रश्न कधी पडला का? अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने जवळजवळ सहाशे किलोमीटर लांब. मग आपल्या स्टेशनची उंची त्याच्यापासून कशाला मोजायची? आणि समुद्र तरी एका जागी कुठे थांबतो? सहा तास भरती, सहा तास ओहोटी. यातली नेमकी कोणती पातळी शून्य धरायची?

उत्तर सर्व्हेइंगच्या पुस्तकात आहे, पण परीक्षेत दोन मार्कांना येतं म्हणून आपण ते पाठ करून सोडून देतो. सर्व्हे ऑफ इंडियाने देशाच्या किनाऱ्यावर नऊ ठिकाणी भरती-ओहोटी मोजणारी यंत्रं बसवली होती. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढली आणि १९०९ साली देशाच्या उंचीचा शून्य ठरवला. त्या नऊ ठिकाणांत मुंबईचं अपोलो बंदर होतं. तिथल्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी रोज नेमाने समुद्राची पातळी लिहून ठेवली, म्हणून आज आपल्या कॉलेजच्या ग्राउंडवर डम्पी लेव्हल लावून काढलेल्या आर.एल.ला काही अर्थ आहे.

नोंद ठेवणं हे अर्धं काम. ती नोंद दुसऱ्याच्या हातात, त्याला समजेल अशा रूपात आणि वेळेवर पडणं हे उरलेलं अर्धं. आपल्या देशात पहिलं अर्धं काम बऱ्यापैकी होतं, दुसऱ्यात आपण मागे पडतो, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते असं माझं मत आहे. समुद्राची माहिती हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. म्हणून वऱ्हाडात बसून हा समुद्राचा उपद्व्याप!

आधी समुद्र मोजतं कोण ते पाहू. पाऊस, वारा, वादळ हवामान खात्याकडे. लाटा, प्रवाह, पाण्याचं तापमान आणि त्सुनामीचा इशारा हैदराबादच्या 'इन्कॉइस'कडे, म्हणजे १९९९ साली सुरू झालेल्या महासागर माहिती सेवा केंद्राकडे. खोल समुद्रात तरंगणारी यंत्रं, ज्यांना बॉय म्हणतात, ती चेन्नईच्या 'एनआयओटी'कडे. समुद्रशास्त्राचं संशोधन गोव्याच्या 'एनआयओ'कडे. उपग्रह इस्रोचे. समुद्राची खोली नौदलाच्या हायड्रोग्राफिक ऑफिसकडे, जमिनीची उंची सर्व्हे ऑफ इंडियाकडे. माशांचा हिशेब फिशरी सर्व्हे आणि कोचीच्या 'सीएमएफआरआय'कडे. शिवाय प्रत्येक मोठ्या बंदराच्या आणि राज्याच्या मेरिटाइम बोर्डाच्या आपापल्या नोंदी. लग्नघरात कोठीची किल्ली मामाकडे, कपाटाची आत्याकडे आणि दागिन्यांच्या डब्याची तिसऱ्याच पाहुण्याकडे असावी, आणि मुहूर्ताच्या वेळी तिघंही मांडवात सापडू नयेत, असा हा कारभार होऊ शकतो.

बरं, यात कोणी कामचुकार आहे असंही नाही. गंमत पाहा. सर्व्हे ऑफ इंडिया आणि नौदलाचं हायड्रोग्राफिक ऑफिस ही दोन्ही डेहराडूनमध्ये आहेत. एकाच गावात! पण दोघांचा शून्य वेगळा. जमिनीवाल्यांचा शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. समुद्रवाल्यांचा शून्य त्याच्याही खाली, मोठ्या ओहोटीला पाणी जिथपर्यंत उतरतं तिथे. त्याला चार्ट डेटम म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे. जहाजाच्या कप्तानाला कमीत कमी पाणी किती आहे ते हवं, नाहीतर जहाज तळाला घासेल. रस्ता बांधणाऱ्याला सरासरी पुरते. मुंबईत या दोन शून्यांत साधारण अडीच मीटरचा फरक पडतो. पावसाळ्यात टीव्हीवर 'आज ४.८ मीटरची भरती' असं सांगतात ते समुद्रवाल्यांच्या शून्यापासून. तोच आकडा उचलून कोणी जमिनीच्या नकाशावर ठेवला, तर मुंबईचा बराच भाग कागदावरच बुडेल. त्यातून मुंबई महापालिकेच्या कामांत तिसराच एक शून्य वापरात आहे, त्याचं नाव टाऊन हॉल डेटम. आता सांगा, पुराचं पाणी कोणत्या गल्लीत शिरणार हे काढायला बसलेल्या इंजिनिअरने काय करावं? आधी तिन्ही शून्य एका रेषेत आणावे. पाऊस तोपर्यंत थांबणार आहे का?

शून्याचं सोडा, किनाऱ्याच्या लांबीचं घ्या. भारताचा समुद्रकिनारा ७५१६.६ किलोमीटर हा आकडा आपण शाळेत घोकला. आता सरकारी आकडा आहे ११०९८.८१ किलोमीटर. महाराष्ट्राचा किनारा आपण ७२० किलोमीटर शिकलो, केंद्राच्या जुन्या यादीत तो ६५२.६ होता आणि नव्या यादीत ८७७.९७ आहे. मधल्या काळात समुद्राने जमीन दिली की काय? तसं काही नाही. जुनी मोजणी १९७० च्या सुमाराची, फार लहान स्केलच्या नकाशावरची. नवी मोजणी हायड्रोग्राफिक ऑफिस आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांनी मिळून मोठ्या स्केलवर केली, म्हणून प्रत्येक खाडी आणि प्रत्येक वळण त्यात आलं. फूटपट्टी जितकी लहान, तितका वाकडातिकडा किनारा लांब भरतो. म्हणून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. स्केल सांगितल्याशिवाय आकडा अर्धवट असतो. आणि ही दोन ऑफिसं एकत्र बसू शकतात हे आता सिद्ध झालं आहे.

एकत्र न बसल्याने काय होतं ते २६ जुलै २००५ ला दिसलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७३ च्या आसपास. त्यात भरती आली, मिठी नदीचं आणि गटारांचं पाणी समुद्रात जाईना. पावसाचा आकडा एका खात्याकडे, भरतीचं वेळापत्रक दुसऱ्याकडे, गटारांचे नकाशे तिसऱ्याकडे, जमिनीचे चढउतार चौथ्याकडे. चारही एकमेकांवर ठेवून 'अमुक भागात इतकं पाणी चढेल' असं आधी सांगणारी व्यवस्था नव्हती. ती यायला १२ जून २०२० उजाडला. त्या दिवशी केंद्राचं भूविज्ञान मंत्रालय आणि मुंबई महापालिका यांनी मिळून 'आयफ्लोज-मुंबई' ही पुराच्या इशाऱ्याची यंत्रणा सुरू केली. तिच्यात हवामानाचा अंदाज, महापालिकेची पर्जन्यमापकं, भरती आणि शहराची उंचसखल जमीन हे सगळं एकत्र येतं. छान झालं, पण मध्ये पंधरा वर्षं गेली. यातलं कोणतंही शास्त्र २००५ साली नवीन नव्हतं.

त्याआधीचं वर्ष तर आणखी वाईट. २६ डिसेंबर २००४ ला आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळ भूकंप झाला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट पोहोचली त्याच्या दोन तासांहून अधिक वेळाने. दोन तास! आपल्याकडे दोन तासांत अमरावतीचा माणूस अकोल्याला पोहोचून चहा पितो. पॅसिफिक महासागरासाठी हवाईमध्ये १९४९ पासून त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र होतं, हिंदी महासागरासाठी काहीच नव्हतं. भूकंपाची नोंद यंत्रांवर झाली होती, निकोबारला लाट आधी येऊन गेली होती, पण ही माहिती चेन्नई-नागपट्टणमच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत जाण्याचा रस्ताच आखलेला नव्हता. भारतात दहा हजारांहून जास्त माणसं गेली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये इन्कॉइसमध्ये त्सुनामी केंद्र उभं राहिलं. आता भूकंपमापक, किनाऱ्यावरची भरतीमापकं आणि समुद्रतळावरचे दाब मोजणारे सेन्सर यांची माहिती तिथे एका खोलीत येते, आणि हिंदी महासागराभोवतीच्या इतर देशांनाही तिथून सूचना जाते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हैदराबादला समुद्र नाही, डेहराडूनलाही नाही. तरी देशाच्या समुद्राचं मोठं काम तिथेच चालतं. म्हणजे 'आपण समुद्रापासून लांब' ही सबब काही चालणार नाही.

एकत्र आलेली माहिती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते का, हा पुढचा प्रश्न. ३० नोव्हेंबर २०१७ ला कन्याकुमारीजवळ ओखी वादळ उठलं. केरळ-तमिळनाडूचे बरेच मच्छीमार त्याच्या कितीतरी दिवस आधी खोल समुद्रात गेलेले. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर गेलं की मोबाइलची रेंज संपते. इशारा निघाला, पण तो ऐकायला कोणी रेंजमध्ये नव्हतं. त्या वादळात भरकटलेल्या ६८ बोटी ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गातल्या देवगड बंदरात येऊन टेकल्या. हे सुखरूप पोहोचले, अनेक जण परत आलेच नाहीत. त्यानंतर २०१९ मध्ये इन्कॉइस आणि विमानतळ प्राधिकरणाने 'जेमिनी' नावाचं उपकरण आणलं. विमानांसाठी असलेल्या उपग्रहावरून ते खोल समुद्रातल्या बोटीवर इशारा पोहोचवतं. विमानांचं खातं आणि मासेमारी! दोन खात्यांनी हात मिळवला की असं काहीतरी डोक्यात येतं.

आणि माहिती पोहोचूनही ऐकली नाही तर? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा कित्येक दिवस आधी निघाला होता. तरी मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा बार्ज माणसांसह समुद्रातच राहिला आणि बुडाला. त्यावरची सत्तरपेक्षा जास्त माणसं गेली. म्हणून नुसता डेटा वाटला की सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. पण डेटा वाटलेला होता म्हणूनच 'हा इशारा कोणी ऐकला नाही?' हे आज विचारता येतं. कपाटात ठेवला असता तर तेही विचारता आलं नसतं.

आता हे सगळं मी मेसमध्ये सांगत होते तर माझी दर्यापूरची रूममेट म्हणाली, "समुद्राचं आपल्याले काय करा लागते वं? आमच्या विहिरीचं पाणी पयलेच खारट हाये!" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. (गावाच्या नावातच दर्या, वरून खारपाणपट्टा!) पण उत्तर द्यायलाच हवं, कारण तिच्या घरी कापूस आणि सोयाबीन आहे, आणि दोन्ही पावसावर.

पाऊस येतो कुठून? समुद्रातून. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला की त्याला पॉझिटिव्ह डायपोल म्हणतात. २०१९ साली तो फार जोरदार होता. त्या वर्षी पाऊस लांबला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळं पाठोपाठ उठली, आणि वऱ्हाडात काढणीला आलेल्या सोयाबीनला शेतातच कोंब फुटले. २०२३ साली पॅसिफिकमध्ये एल निनो होता आणि देशाचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. दोन्ही वेळी समुद्राने आधीच खूण केली होती. ती खूण वाचणारी यंत्रं म्हणजे 'आर्गो' फ्लोट. माणसाच्या उंचीचं नळकांडं समुद्रात सोडतात. ते हजार मीटर खोल जाऊन वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून वर येतं, येताना तापमान आणि खारटपणा मोजतं, आणि वर आलं की उपग्रहाला कळवतं. जगभर अशी सुमारे चार हजार नळकांडी आहेत. कितीतरी देशांनी मिळून सोडलेली, त्यात भारतही आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांची माहिती साधारण चोवीस तासांत सगळ्यांसाठी फुकट खुली होते. पुण्याच्या 'आयआयटीएम'मध्ये मान्सूनच्या हंगामी अंदाजाचं जे मॉडेल चालतं, त्याला सुरुवातीची समुद्राची स्थिती इन्कॉइसकडून मिळते. त्या नळकांड्यांपैकी निम्मी माहिती कोणी 'आमची आहे' म्हणून दाबून ठेवली, तर चुकणारा अंदाज दर्यापूरच्या शेतावर चुकेल. मग सांगा, समुद्राचं आपल्याले काय करा लागते?

आता दुसरी बाजू. माहिती वाटू नये असं म्हणणारे सगळेच कद्रू नसतात. २००८ चा मुंबईवरचा हल्ला समुद्रातूनच आला होता. किनाऱ्याजवळची खोली, पाणबुड्यांना उपयोगी पडणारं पाण्याचं तापमान, असे आकडे चौकात टांगता येत नाहीत हे मला मान्य आहे. पण सुरक्षेचं कारण खरं असतं तिथे ते लेखी सांगावं आणि किती वर्षांसाठी तेही सांगावं. बाकीचं खुलं करावं. २०१२ पासून केंद्राचं तसं धोरणच आहे: सरकारी पैशाने गोळा झालेली, गुप्त नसलेली माहिती लोकांना मिळावी. प्रत्यक्षात अडतं ते दोन जागी. एक, प्रत्येक खात्याचा साचा वेगळा. आणि दोन, माहिती दिली की आपल्या चुका कोणी काढेल ही भीती. दुसऱ्या आजाराला औषध एकच, चुका काढू द्याव्या!

शेवटी आपल्या घरचं. आकड्याची किंमत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. शेत वाहून गेलं तरी यंत्रावर ५० दिसले की माणूस तलाठ्याच्या दारात हात जोडून उभा. आता खारपाणपट्टा घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी भूजल यंत्रणा मोजते, केंद्रीय भूजल मंडळ मोजतं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ अभ्यास करतं. आणि दर वर्षी फायनल इयरचे आपले दोन-तीन ग्रुप बाटल्या घेऊन तेच मोजायला निघतात! त्यांचे काळ्या बाइंडिंगचे रिपोर्ट लायब्ररीच्या कपाटात ओळीने उभे आहेत. मी काही उघडून पाहिले. एकात विहिरीची नेमकी जागा नाही, एकात पाण्याची पातळी कशापासून मोजली ते नाही, एकात महिनाच नाही. दर बॅच पुन्हा शून्यापासून सुरू, आणि शून्य कोणता तेही माहीत नाही.

डेहराडून आणि हैदराबादला उपदेश करणं सोपं आहे, ते वर करून झालं. आपल्या हातातलं काम त्याहून लहान आहे. सर आणि मॅडम, तुम्हाला विनंती की प्रोजेक्टच्या प्रत्येक रीडिंगसोबत पाच गोष्टी सक्तीच्या करा: तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, कोणत्या पातळीपासून मोजलं, एकक, आणि उपकरण कोणतं. हे सगळे आकडे लायब्ररीच्या एकाच कॉम्प्युटरवर, एकाच साच्यात राहू द्या आणि कोणालाही पाहू द्या. अमरावती-अकोल्यातली बाकीची कॉलेजं आली तर सोन्याहून पिवळं. दहा वर्षांनी त्या विहिरींची पाणीपातळी आणि खारटपणा कसा बदलला हे सांगणारी वही आपल्याकडे असेल, आणि ती पुढच्या बॅचच्या, सरकारी खात्याच्या, शेतकऱ्याच्या, ज्याला हवी त्याच्या कामी येईल. दर्यापूरकडच्या चार विहिरी माझ्या रूममेटने कबूल केल्या आहेत. बाकीच्यांनी आपापल्या गावची नावं सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमध्ये आणून द्यावी. सुरुवात या सत्रातच करू या.